तांदळातला फोन

“गेला, गेला! आरं धरा, धरा!”

आबा असा ओरडला की मला वाटलं, आमचा बैल बादशाच सुटला. मी आणि आई चुलीपुढून तशाच उठून गोठ्यामागच्या हौदाकडे पळालो. बादशा जागेवरच होता. अंगभर साबणाचा फेस घेऊन डोळे मिटून उभा होता, आणि माझे वडील त्याची पाठ घासत होते. हौदात कोपरापर्यंत हात घालून चाचपडत होता तो आबा. हात वर आला तेव्हा मुठीत त्याचा मोबाइल होता आणि त्यातून पाण्याची धार लागली होती.

“वाकलो आन् खिशातनं सटकला,” आबा म्हणाला. मग माझ्याकडे बघून त्याने तोंड पाडलं. “पोरी, तुझं नशीबच खोटं गं.”

त्या दिवशी संध्याकाळी पाचच्या आत त्या मोबाइलवर मला एक ओटीपी यायचा होता. परभणीच्या पशुवैद्यकीय कॉलेजात माझा नंबर लागला होता. जागा हवी असल्याचं वेबसाइटवर कळवायचं, की अर्जात लिहिलेल्या फोनवर ओटीपी येतो, आणि तो भरला की जागा आपली. नाही भरला तर ती यादीतल्या पुढच्याला जाते. आधीचे दिवस वेबसाइट उघडतच नव्हती, आणि शेवटचा दिवस नेमका पोळ्याचा आला. आमच्या आंबेगावच्या बाजूला पोळा भाद्रपदात, अमावास्येला असतो. त्याच दिवशी पितरांचं पानही असतं, त्यामुळे घरात कुणाचा पाय ठरत नाही.

अर्जात नंबर आबाचा का, तर आमच्या घरात कागदावर नंबर आबाचाच असायचा. आबा म्हणजे माझा थोरला चुलता, दत्तोबा टेमगिरे, बैलगाडामालक. गॅस, लाइट बिल, आईच्या दवाखान्याचं कार्ड, सगळीकडे आबाचा नंबर. मुलीच्या हातात मोबाइल द्यायचा नाही हा नियमही त्याचाच. अर्ज भरायला तालुक्याला जाताना तो स्वतः सोबत आला होता. मला वाटलं, बदलला बिचारा. तोंडावर मी त्याला अहोजाहो करायची, आजही करते. इथे मात्र मला त्याची गरज वाटत नाही.

मी जनावरांची डॉक्टर होणार हे त्याच्या घशाखाली उतरत नव्हतं. “टेमगिऱ्याची पोर गायीच्या मागं कोपरापातूर हात घालणार? लोक काय म्हनतील?” असं तो पहिल्या दिवशी म्हणाला होता. पण लोकांनी भलतंच केलं. ग्रामपंचायतीने माझा सत्कार ठेवला. माझ्या हातात नारळ दिला आणि शाल आबाच्या खांद्यावर घातली, कारण घरातला कर्ता तो. त्या शालीसकट त्याने वीस-पंचवीस माणसांपुढे भाषण ठोकलं, ‘आमच्या घरात पोरगा-पोरगी भेद नाय.’ एकदा असं बोलून बसल्यावर उघड नाही म्हणायची सोय उरली नव्हती. त्याचा मुलगा विकी माझ्याबरोबर त्याच प्रवेशपरीक्षेला बसला होता. विकीला किती गुण मिळाले, हे मात्र घरात कुणीही विचारत नसे.

तर तो ओला फोन ओसरीवर आला आणि त्याच्यावर उपचार सुरू झाले.

आबाने आधी तो थर्मामीटरसारखा झटकला. मग चार्जिंगच्या भोकाला तोंड लावून पाणी ओढलं आणि साबणाचा फेस गिळून खोकत बसला. विकी सायकलचा पंप घेऊन आला. त्याने अशी हवा मारली की आतलं पाणी भिंगाच्या मागे जाऊन बसलं. मग त्याचा केस वाळवायचा ड्रायर आला. त्या ड्रायरने एरवी विकी स्वतःचे केस आणि आबा बादशाच्या शेपटीचा गोंडा फुलवायचा. गल्लीतल्या दोन म्हाताऱ्या येऊन गेल्या, त्यातली एक ‘मीठ-मोहऱ्या ओवाळा’ म्हणाली. माझी आजी जाण्याआधी तीन दिवस तापाने फणफणत होती तेव्हा या ओसरीवर एवढी गर्दी झाली नव्हती.

“तांदळात घाला,” विकी शेवटी म्हणाला. “तांदूळ पाणी ओढून घेतो.”

हौसाकाकी, आबाची बायको, रेशनच्या तांदळाचं पोतं उघडायला निघाली.

“त्यो नगं!” आबा ओरडला. “त्यात खडे आसत्यात, काचेला चरे पडतील. इंद्रायणी काढ.”

इंद्रायणी तांदूळ पितरांच्या पानासाठी राखून ठेवला होता. तो सगळा डब्यात ओतला गेला आणि त्यात फोन पुरला गेला. आमच्या पितरांनी त्या वर्षी रेशनचा भात खाल्ला, खड्यांसकट.

मी मघापासून एकच गोष्ट सांगायचा प्रयत्न करत होते. “आबा, फोन राहू द्या. नुसतं सिम काढून द्या. विकीदादाच्या फोनमध्ये घालते आणि माझं काम झालं की परत देते.”

“ओल्या फोनला टाचणी लावायची?” आबा म्हणाला. “आत करंट आसतोय. फोन तर जाईलच, सिमबी जळंल. मग बस बोंबलत.”

“वाळेपर्यंत कप्पा काढायचा नसतो,” विकी माझ्याकडे न बघता म्हणाला. “व्हिडिओत दाखवतात.”

“सिम माझ्या डबड्यात बसलं आसतं,” नाना म्हणाले. नाना म्हणजे माझे वडील. “पर डबडंच कुठं ठेवलंय, घावंना सकाळधरनं.”

नानांचं डबडं म्हणजे बटणांचा साधा फोन. पाठीला रबर लावलेला, आणि रिंगला कोंबड्याची बांग. विहिरीवर मोटारीच्या आवाजात ऐकू यावी म्हणून त्यांनी ती बांग लावून घेतली होती, आणि ती तीन शेतं ओलांडून जायची. घरात त्यावरून सगळे त्यांना हसायचे. त्या सकाळी मात्र कोंबडा कुठे आरवला नव्हता.

“मग नवं सिम काढू या,” मी म्हणाले. “घोडेगावला दुकान आहे.”

“त्याला माझा अंगठा लागतोय. आज पोळ्याच्या दिवशी बैल सोडून मी घोडेगावला येऊ? आन् दुकानदाराच्या घरी पोळा नाय व्हय?” आबाने डब्याचं झाकण लावलं आणि डबा काकीच्या हातात दिला. “देवघरात ठेव. सांजच्यापातूर कुणी हात लावायचा नाय. वाळला तर चारलाच वाळंल, पोरीचं काम हुईल. शेवटी देवाच्या हातात.”

देवाच्या हातात म्हणताना त्याने वर बघून हातसुद्धा जोडले. मी नानांकडे बघितलं. नानांनी मान खाली घातली आणि बादशाच्या पाठीवर पाणी ओतायला निघून गेले. मला नानांचा राग आला. तो राग मला नेहमीच यायचा, कारण आयुष्यभर ते आबाच्या पुढे असेच उभे राहिले होते. शेत आबाच्या नावाने ओळखलं जायचं आणि नांगरायचे नाना. बैलही आबाचा म्हणून गाजला होता. पण त्याला अंडी-दूध चारणारे, रात्री त्याच्याजवळ झोपणारे, खांदेमळणीला त्याचा खांदा तुपाने चोळणारे नानाच. शर्यतींवर तेव्हा बंदी होती. शर्यतीच्या घाटात गाडा पळत नव्हता, तरी बादशाचा खुराक चालूच होता. परभणीच्या खर्चाचं नाव काढलं की मात्र आबाला दुष्काळ आठवायचा.

त्या दिवशी आबाचा जीव आणखी एका गोष्टीत अडकला होता. पोळ्याला संध्याकाळी गावातले सगळे बैल वेशीत जमतात. तिथे आंब्याच्या डहाळ्यांचं तोरण बांधलेलं असतं, आणि त्याखालून पहिला बैल जातो तो मानाचा. मान यंदा टेमगिऱ्यांचा की पोखरकरांचा यावर पंधरा दिवस गावात वाद पेटला होता. पंच दुपारी ठरवणार होते आणि आबाला फोनवर कळवणार होते. आबा ते पंधरा दिवस दुसरं काही बोललाच नव्हता.

दुपारी जेवताना त्याने मिशीला पीळ दिला. “मान आपला! पंचांचं ठरलं.”

सगळ्यांना आनंद झाला. मला रेशनचा भात गिळवत नव्हता, त्यामुळे निरोप घेऊन कोण आलं, कधी आलं, हे विचारायचं मला सुचलं नाही. माझं सगळं चित्त देवघरातल्या डब्यात होतं.

जेवणं झाल्यावर बादशाला सजवलं. शिंगांना हिंगूळ, पाठीवर आरशांची झूल, गळ्यात घुंगरमाळा, कपाळावर बाशिंग. आबाने स्वतः नवं धोतर, नवा सदरा, जाकीट घातलं आणि फेटा बांधला. दारावरून जाणाऱ्या प्रत्येकाला तो थांबवून सांगत होता, “फोन बुडाला राव हौदात. पोरीचा ओटीपी यायचा हुता आज. लई वाईट वाटतंय.” लोक चुकचुकायचे आणि बैलाकडे बघायचे. माझ्या दुःखाची अशी दवंडी पिटत बापलेक आणि नाना बादशाला घेऊन वेशीकडे गेले.

घरात आम्ही तिघी उरलो. मी सरळ देवघरात गेले. काकी तिथेच पाटावर बसून सुपारी कातरत होती.

“काकी, मी डबा उघडणार आहे.”

काकीने माझ्याकडे बघितलं. मग ती पाटासकट फिरली आणि भिंतीकडे तोंड करून बसली. “मी सुपारी कातरतीय बाई,” ती म्हणाली. “मला काय दिसत नाय.”

एवढ्या वर्षांत मला तिच्यात आवडलेली ती पहिली गोष्ट.

मी फोन बाहेर काढला. भोकाभोकात तांदूळ अडकले होते. कानातल्या डुलाची काडी सरळ करून मी ती कडेच्या बारीक छिद्रात दाबली. कप्पा बाहेर आला. करंट लागला नाही आणि काही जळलंही नाही. पण कप्पा रिकामा होता.

मला आधी वाटलं, झटकाझटकीत सिम पडलं असणार. “आई, सूप आण!” मी ओरडले.

आम्ही दोघींनी तो सगळा इंद्रायणी ओसरीवर आणला आणि मूठ मूठ सुपात घेऊन निवडायला बसलो. आईची बोटं भराभर चालत होती. “तांदळातला खडा माझ्या हातनं कधी सुटला नाय,” ती पुटपुटत होती, “ह्यो तर नखायेवढा हाय.” तिच्या डोळ्यांतलं पाणी तांदळावर पडत होतं आणि ती ते पदराने न पुसता निवडत होती. डब्याचा तळ लागला. सिम नव्हतं. मी हौदाकडे जाऊन चिखलात हात घातला, तिथेही नव्हतं. चार वाजून गेले होते. मी हौदाच्या काठावर बसले आणि आयुष्य संपल्यासारखी रडले. अठराव्या वर्षी आयुष्य फार पटकन संपतं.

तेवढ्यात दारात जीप थांबली. चाकणकडचे रंगनाथ वाळुंज आले होते. आबाच्या गाड्याच्या नादातले जुने दोस्त, मोठ्या पोटाचे आणि मोठ्या आवाजाचे.

“आबा कुठाय? गेला का वेशीत?” ते जीपमधूनच म्हणाले. “आत्ताच बोलनं झालं आमचं. म्हनला, लौकर या पाव्हणं, मान आपला हाय.”

मी हौदावरून उठून जीपपाशी गेले. “कुणाशी बोलणं झालं?”

“आबाशी.”

“कशावर?”

“फोनवर की. म्हंजी काय, ओरडून?” ते स्वतःच्या विनोदावर हसले.

“आबांचा फोन सकाळी पाण्यात पडलाय काका. बंद आहे.”

“कुनी सांगितलं? ह्ये बघ.” त्यांनी फोन माझ्यापुढे धरला. आबाचं नाव, आबाचा नंबर, नुकताच झालेला कॉल. त्याखाली आणखी एक, दुपारचा. मी त्यांच्या हातून फोन घेतला आणि तो नंबर लावला. रिंग गेली. मग हलग्यांचा कडकडाट ऐकू आला आणि त्यातून आबाचा आवाज, “बोला पाव्हणं! कुठवर आलासा?”

मी फोन बंद केला. सुपात तांदूळ घेऊन बसलेल्या आईने मला विचारलं, काय झालं. मला तिला सांगता येईना. सकाळपासूनचा सगळा तमाशा माझ्या डोळ्यांपुढून गेला. फेस गिळून खोकणारा आबा, इंद्रायणीच पाहिजे म्हणणारा आबा, देवाला हात जोडणारा आबा. सिम आधीच काढून घेतलं होतं आणि मग रिकामा फोन हौदात सोडला होता. वर दिवसभर आम्ही त्या मढ्याला तांदूळ वाहत बसलो होतो. एवढं करून तो नंबर त्याने नुसता बंद ठेवायचा होता, बास. पण मानाचा निरोप यायचा होता ना! तो बंद नंबरावर कसा येणार? बैलाच्या तोरणासाठी नंबर चालू, आणि माझ्यासाठी बुडालेला.

“काका,” मी म्हणाले, “मला वेशीपर्यंत न्या. आणि तुमच्या फोनवर इंटरनेट आहे ना?”

जीपमध्ये मी वेबसाइट उघडली. पहिल्यांदा ती फिरत राहिली, दुसऱ्यांदा उघडली. अर्ज क्रमांक मला पाठ होता. ‘जागा स्वीकारा’ दाबलं, आणि ओटीपीची चौकट समोर आली. वाळुंज मधून मधून “काय भानगड हाय पोरी?” विचारत होते. मी त्यांना थोडक्यात सांगितलं. ते जीप जोरात हाणू लागले.

वेशीत सगळा गाव लोटला होता. तोरणापुढे बादशा, त्याचा कासरा नानांच्या हातात, आणि बैलाच्या पुढे छाती काढून आबा. मागे पोखरकरांचा बैल, त्याच्यामागे बाकीची रांग. आम्ही पोहोचलो तेव्हा पाटलांच्या घरची सवाष्ण मानाच्या बैलाला ओवाळत होती. ओवाळताना वाजप थांबवतात, तशा हलग्या थांबल्या होत्या.

मी जीपच्या पायरीवर उभी राहिले आणि आबाचा नंबर लावला.

आबाच्या जाकिटातून कोंबडा आरवला.

त्या शांततेत ती बांग अशी घुमली की सवाष्णीच्या हातातलं ताट हललं. पोरं खदखदून हसली. आबाने जाकिटावर हात दाबला, पण कोंबडा थांबायला तयार नव्हता. घरात मुका ठेवलेला तो आवाज हलग्यांच्या कडकडाटात ऐकू यावा म्हणून त्याने पुन्हा सुरू केला असणार.

“आरं, ह्यो तर नानाचा कोंबडा!” कुणीतरी ओरडलं.

नाना वळले. “माझं डबडं तुझ्याकडं हाय व्हय?” त्यांनी साधेपणाने विचारलं.

“हां... त्ये... सकाळी घेतलं हुतं, माझं चार्जिंग उतरलं म्हनून...” आबा म्हणाला.

“नाना!” मी पायरीवरून ओरडले. “मी तुमचा नंबर नाही लावला. आबांचा लावलाय. त्यांचं सिम तुमच्या फोनमध्ये आहे. सकाळपासून आहे. फोनचा कप्पा रिकामा होता.”

“मी आत्ता त्याच नंबरवर बोललोय ह्याच्याशी,” वाळुंज जीपमधून म्हणाले. ते कुणाची बाजू घेत नव्हते, पण त्यांचा आवाजच तसा होता. सगळ्या वेशीला ऐकू गेलं.

दुपारपासून येणाऱ्या-जाणाऱ्याला त्या फोनचं सुतक सांगणारा माणूस सगळ्यांना माहीत होता. आता हसू थांबलं. आबा इकडेतिकडे बघत फेटा सारखा करत होता. विकी माणसांच्या मागे सरकला.

“पाच वाजायला आलेत नाना,” मी म्हणाले. मी ‘ओटीपी पाठवा’चं बटण दाबलं होतं. आबाच्या जाकिटात टिकटिक झाली.

“घरी गेल्यावर बघू,” आबा दबक्या आवाजात म्हणाला. “ही का जागा हाय? वाजवा रं! नाना, चल, काढ बैल.”

नानांनी कासरा सोडून दिला.

त्यांनी तो फेकला नाही, झटकला नाही. बादशाच्या पायाशी नीट ठेवला, आणि दोन पावलं बाजूला होऊन हाताची घडी घातली. बादशा थांबला. आबाने कासरा उचलून ओढला. बादशाने मान हलवली, घुंगरं वाजली, पाय काही उचलला नाही. आबाने पाठीवर थाप मारली, ‘हाऽऽर्रे’ केलं, मग शिवी दिली. ज्याने त्याला एक दिवसही चारलं नव्हतं त्याच्यासाठी बैल कशाला हलतोय? त्याने शेपटी उडवली ती आबाच्या नव्या सदऱ्यावर बसली.

“आबा, वाट द्या नायतर बैल काढा,” मागून पोखरकर म्हणाले. “उन्हं चाललीत.” पंचांपैकी एकाने मान डोलावली.

“नाना, लेका, मान जातोय आपला!” आबाचा आवाज फाटला.

“नंबर वाच,” नाना म्हणाले.

“आरं—”

“पोरीचा नंबर वाच. मग बैल हलंल.”

मी माझ्या बापाला त्याआधी कधी त्या आवाजात बोलताना ऐकलं नव्हतं. सकाळी त्यांच्यावर आलेला सगळा राग तिथल्या तिथे विरून गेला, आणि त्या धुळीत त्यांच्या पायांवर डोकं ठेवावंसं वाटलं. पण हातात वाळुंजांचा फोन होता आणि पडद्यावर चौकट रिकामी होती.

आबाने जाकिटातून डबडं काढलं. चष्मा घरी राहिला होता. त्याने फोन हात लांब करून धरला, मग जवळ आणला, मग पुन्हा लांब केला. आणि सगळ्या गावापुढे, तोरणाखाली, फेटा बांधलेला माझा चुलता माझा ओटीपी वाचू लागला. “सात... शून्य... चार...”

“मोठ्याने वाचा आबा,” मी म्हणाले. “इथवर ऐकू येत नाही.”

त्याने पुन्हा पहिल्यापासून वाचला. मी एकेक आकडा दाबला. चौकट हिरवी झाली आणि ‘जागा निश्चित’ असं आलं. मी नानांकडे बघून मान हलवली. नानांनी वाकून कासरा उचलला, बादशाच्या कानापाशी काहीतरी पुटपुटले, आणि बादशा डौलात तोरणाखालून निघून गेला. हलग्या कडाडल्या. मानाचा बैल टेमगिऱ्यांचाच ठरला. आबा बैलाच्या मागून चालत होता, शेपटीच्या अंतरावर.

आता या गोष्टीला बरीच वर्षं झाली. तो फोन पुढे कधीच चालू झाला नाही. पण आबाने लवकरच नवी कहाणी बसवली. कुणाचाही फोन पाण्यात पडला की तो सांगतो, “इंद्रायणी तांदळात ठेवा. आमच्या कांचनचा ओटीपी त्याच्यावरच आला हुता. नायतर कसली व्हती डॉक्टर!” लोक तोंडावर हो म्हणतात. मी पास झाले तेव्हाही गावात सत्कार झाला, आणि शाल पुन्हा त्याच्याच खांद्यावर पडली. ती घ्यायला तो अगदी वेळेवर उभा राहिला. नानांनी त्या वेशीतल्या प्रसंगाचं नाव पुन्हा कधी काढलं नाही. मी परभणीला निघाले तेव्हा त्यांनी ते डबडं माझ्या पिशवीत टाकलं, एवढंच. वसतिगृहात कोंबडा आरवला की मुली दचकायच्या.

मी आता शेजारच्या तालुक्यात सरकारी दवाखान्यात आहे. आबाचं वय झालंय, गोठ्यात दोन जर्सी गाई आहेत. गाय अडली, कास सुजली, पोट फुगलं, की पहिला फोन मला येतो.

“डॉक्टरीणबाई, लौकर या,” आबा अजिजीने म्हणतो.

“येते की,” मी म्हणते. “आधी तिच्या कानातल्या बिल्ल्यावरचा नंबर वाचा.”

बिल्ल्यावर बारा आकडे असतात, बारीक. आबा चष्मा शोधतो, गायीच्या कानाशी वाकतो, गाय मान झटकते, तो पुन्हा पकडतो. मग एकेक आकडा सावकाश वाचत जातो. खरं तर फोनवर तो नंबर मला लागत नाही. तिथे गेल्यावर मी स्वतःच बघते. गाडीची किल्ली तोवर माझ्या हातात असते आणि मी निघालेली असते.

“नीट ऐकू आलं नाही आबा,” मी म्हणते. “पुन्हा पहिल्यापासून वाचा. मोठ्याने.”